चांदा की चंद्रपूर?

विदर्भातल्या सिकलसेलवर आजवर छापलेलं सगळं शोधायचं आणि चाळायचं, हे माझ्या पीएच.डी.चं पहिलं प्रकरण. वैद्यकीय पेपरांची सूची असलेलं पबमेड उघडलं, सिकल सेल लिहिलं, पुढे विदर्भ, नागपूर, गडचिरोली, महाराष्ट्र ही नावं ‘ऑर’ने जोडली. लांबलचक यादी आली. मी खूश.

ग्रंथालयातल्या मॅडमनी यादीकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, “तुला आधीपासून ठाऊक असलेले पेपर सांग. ते यात सापडतात का बघू.” मी ऐटीत नागपूरच्याच शुक्ला-सोलंकींचं नाव घेतलं. १९५८, ‘लॅन्सेट’.

यादीत तो पेपर नव्हता.

“तेव्हा महाराष्ट्र होता का गं?”

नव्हता नं! १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी, मग मुंबई राज्यात. महाराष्ट्र १९६० चा. पेपरच्या शीर्षकात ‘सेंट्रल इंडिया’ आहे. इतक्या जुन्या नोंदींना सारांशही नसतो, त्यामुळे शोधयंत्राला शीर्षकाखेरीज फारसं काही दिसतच नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. शाळेत कंटाळत पाठ केलेला इतिहास इथे कामी येईल असं वाटलं नव्हतं.

मग जाळं नव्याने विणलं. आजारासाठी पबमेडचा ठरलेला विषयशब्द घेतला. त्याच्या पोटात सिकलसेल वाहकही येतात. शिवाय साधे शब्द, कारण काही नोंदींना विषयशब्द लागलेलेच नसतात. ‘ॲनिमिया’ची ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही स्पेलिंगं. गावांच्या यादीत ‘सेंट्रल इंडिया’ घातलं. सोबत गोंड, माडिया ही नावंही, कारण कित्येक पेपर जिल्ह्याचं नव्हे, जमातीचं नाव घेतात. प्रबंधांसाठी शोधगंगा वेगळी. गूगल स्कॉलर शेवटी ठेवलं. ते हजारापुढचे निकाल दाखवतच नाही. प्रत्येक शोधाची तारीख आणि शब्दमाळ वहीत जशीच्या तशी उतरवली, दुसऱ्या कुणाला तोच शोध पुन्हा घेता यावा म्हणून.

शुक्ला-सोलंकी आले. पण आणखी एक नाव राहून गेलं होतं, आणि तेही माझ्या घरातलं. आजी शेवटपर्यंत चंद्रपूरला चांदाच म्हणायची. तो शब्द टाकला, तर पडद्यावर चंदा आडनावाच्या लेखकांची रांग! इंग्रजी स्पेलिंग एकच. मॅडम हसल्या. “फक्त शीर्षक आणि सारांशात शोध म्हणून सांग त्याला.” सांगितलं. रांग ओसरली, आणि मी उरलेले पेपर वाचायला बसले.