पाद्रीबाबांची भांडी आणि आमची वाटी



भाद्रपद वद्य प्रतिपदेला सकाळपासून माझा फोन वाजत होता. कमळाचं चित्र, हात जोडलेली बाई, खाली 'उत्तम क्षमा'. मीही एक बरासा संदेश निवडला आणि एकशे बारा जणांना एकदम पाठवून दिला. त्यात सासरचे, माहेरचे, अंबाजोगाईचे व्यापारी आणि मुलाचे शिक्षक होते. नळाचं काम करणाऱ्याचा नंबर सेव्ह होता म्हणून तोही होता. दहा मिनिटांत वर्षभराचा हिशोब चुकता करून मी पोळ्या लाटायला लागले.

त्याच दुपारी भाचीचा फोन आला. ती बर्लिनला नोकरी करते. तिथे ती एका घराला भेट देऊन आली होती, मारियनबुर्गर आले या रस्त्यावरचं 43 नंबरचं घर. डिट्रिश बोनहोफर नावाच्या लुथरन पाद्रीच्या आईवडिलांचं ते घर, आता स्मारक केलंय. मागच्या दिवाळीत तिनेच मला याच माणसाचं एक छोटं इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. 1939 साली आलेलं, एकत्र राहण्याविषयीचं. मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण पुस्तक लहान होतं म्हणून डिक्शनरी घेऊन वाचलं. आता तुम्ही म्हणाल, दशलक्षण पर्व संपतंय न संपतंय आणि हिला पाद्री कुठून आठवला! सांगते.

आपल्या मराठी बायकांना पाद्री म्हटलं की रेव्हरंड टिळकच आठवतात, आणि तेही लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे. टिळक अमेरिकन मिशनचे होते, लुथरन नव्हेत. पण ते पुस्तक वाचताना मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराचीच जास्त काळजी लागून राहायची. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला. या बाईने पुढे पाच वर्षं आपलं सोवळं जपलं आणि मग स्वतःच्या विचाराने ते सोडलं. धर्म कळतो तो ताटवाटीपाशी, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.

बोनहोफरचंही तसंच. त्याची मोठमोठी पुस्तकं मी वाचलेली नाहीत, वाचून कळतील असंही नाही. पण त्याच्या एका गोष्टीने मला धरून ठेवलं. 1935 साली त्याने तरुण पाद्री घडवायची एक शाळा चालवायला घेतली, आधी समुद्रकाठी, मग फिंकनवाल्डे नावाच्या गावी. सगळे एकत्र राहायचे. एके दिवशी स्वयंपाकघरातून निरोप आला, भांडी घासायला कुणीतरी या. कुणी उठेना. तेव्हा हा, म्हणजे शाळेचा प्रमुख, काही न बोलता उठला, आत गेला आणि भांड्यांना लागला. मागून धावत आलेल्या पोरांना त्याने आत येऊच दिलं नाही. नंतर त्यावर प्रवचनही दिलं नाही म्हणे. मी असते तर दिलं असतं!

त्या शाळेत नियम फार नव्हते. एक मात्र होता: समोर नसलेल्या माणसाविषयी बोलायचं नाही, आणि बोललं गेलंच तर त्याला जाऊन सांगायचं की मी तुझ्याविषयी असं बोललो. हा नियम आमच्या घरी लागू केला तर दुपारी तीन ते पाच नुसती शांतता होईल. आणि प्रभुभोजनाच्या आधी, म्हणजे त्यांचा जो भाकर आणि द्राक्षरसाचा विधी असतो त्याच्या आधी, ज्याचं त्याने ज्याच्याशी वाकडं आलं असेल त्याच्याकडे जाऊन क्षमा मागायची. स्वतः जायचं, नाव घेऊन, काय केलं ते सांगून.

दोन वर्षांनी, 1937 मध्ये, हिटलरच्या पोलिसांनी ती शाळा बंद केली. त्याच वर्षी त्याचं ख्रिस्तामागे चालण्याविषयीचं पुस्तक आलं. त्यात तो कृपेचे दोन प्रकार करतो, स्वस्त आणि महाग. स्वस्त कृपा म्हणजे पश्चात्ताप न करता मिळालेली माफी, आपणच आपल्याला वाटून घेतलेली. त्याचा राग स्वतःच्याच चर्चवर होता. मार्टिन लुथरने शिकवलं की माणूस कृपेने तरतो, आणि चारशे वर्षांनी लोकांनी त्यातून अर्थ काढला की मग काही करायलाच नको. देश यहुदी शेजाऱ्यांना दुकानांतून, नोकऱ्यांतून, चर्चमधूनसुद्धा हाकलत होता आणि बहुतेक मंडळी रविवारी नेमाने प्रार्थना म्हणत होती.

इथे आपली आणि त्यांची वाट वेगळी, हे खरं. आपल्याकडे माफ करणारा कुणी वर बसलेला नाही. कर्म आपलं, निर्जराही आपलीच करायची. कृपा हा शब्दच आपल्या हिशोबात बसत नाही. मला याचा जरा अभिमानही होता, की आपला धर्म कसा रोकडा, उधारी नाही. पण त्या दुपारी एकशे बारा जणांना पाठवलेला संदेश डोळ्यांपुढे आला आणि वाटलं, स्वस्त करायला देव कशाला लागतो? आपण क्षमासुद्धा घाऊक भावात काढली की!

हे सगळं दूरदेशीचं वाटेल, म्हणून आपल्याकडचा एक धागा सांगते. हा माणूस वर्ध्याला येणार होता. 1934 च्या ऑक्टोबरात, लंडनमधल्या जर्मन मंडळींचा पाद्री असताना, त्याने गांधीजींना पत्र लिहिलं. वय 28. पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहितात तसं ते नव्हतं. तुमच्याजवळ राहून तुमची रीत शिकायची आहे, अशी साधी विनंती होती. ख्रिस्ताचं डोंगरावरचं प्रवचन तो शिकवत होता, पण ते जगायचं कसं हे त्याला युरोपात कुणाकडे दिसेना. 1 नोव्हेंबरला वर्ध्याहून उत्तर गेलं. ते उत्तर म्हणजे एखाद्या घर चालवणाऱ्या बाईने लिहावं असं आहे. येण्याजाण्याचे पैसे जवळ असावेत. इथला खर्च महिन्याला फार तर 100 रुपये धरा, साधं राहिलात तर निम्म्यातही भागेल. लवकर या, म्हणजे थंडी मिळेल. मी तुरुंगात नसलो तर माझ्याजवळ राहा, नाहीतर एखाद्या संस्थेत. तिथलं साधं शाकाहारी जेवण चालणार असेल तर राहण्याजेवण्याचं काही द्यायला नको. तत्त्वज्ञानाचा एक शब्द नाही. गांधीजींवर ज्या श्रीमद् राजचंद्रांचा एवढा प्रभाव, ते आपले. त्यामुळे वर्ध्याची ती पंगत मला अर्धी आपलीच वाटते.

पण तो आला नाही. शाळा चालवायचं बोलावणं आलं आणि हिंदुस्थान राहून गेला. त्याला हिंदुस्थानात जाऊन ये असं आधीपासून सुचवणारी त्याची आजी होती. याच आजीने 1 एप्रिल 1933 ला, यहुद्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारलेला असताना, दाराशी उभ्या असलेल्या नाझी स्वयंसेवकांच्या समोरून आत जाऊन खरेदी केली. वय 90. सामान घ्यायचं होतं, ते घेतलं. अशी आजी असली की नातवाला धर्म वेगळा शिकवावा लागत नसेल.

पुढची गोष्ट मला सोपी नाही, आणि ती गाळली तर खोटेपणा होईल. जो अहिंसा शिकायला वर्ध्याला येणार होता, तो पुढे हिटलरला मारण्याच्या कटात सामील झाला. 1939 मध्ये तो अमेरिकेत सुखरूप पोचला होता. मित्रांनी तिथे त्याची सोय केली होती. महिनाभरात परत आला, कारण लोकांबरोबर हाल सोसले नाहीत तर नंतर त्यांच्यात उभं राहायचा मला हक्क नाही, असं त्याला वाटलं. 1933 मध्येच त्याने लिहून ठेवलं होतं की चाकाखाली सापडलेल्यांना पट्ट्या बांधणं पुरत नाही, कधी चाकच अडवावं लागतं.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत. संकल्पी हिंसा श्रावकाला वर्ज्यच. विरोधी हिंसा, म्हणजे अन्यायाला तोंड देताना घडणारी, ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही हे मान्य केलंय. मग याची कुठली? मी बरेच दिवस त्याला विरोधी हिंसेच्या खान्यात बसवू पाहत होते. पण त्याने स्वतः ती सवलत घेतली नाही. एका संध्याकाळी मेहुण्याने विचारलं, तलवार उचलेल तो तलवारीने मरेल या ख्रिस्ताच्या वचनाचं काय? तो म्हणाला, ते आपल्यालाही लागू आहे. पाप ते पापच, ते अंगावर घेऊनच हे करायचं. मला अजून हे पटलेलं नाही. मारण्याचा विचार मनात आला तिथेच बंध पडतो, हे मी लहानपणापासून ऐकलंय. पण केलेल्याला नाव बदलून न घेणं, हे मात्र मनात रुतून बसलं.

5 एप्रिल 1943 ला दुपारी त्याने बहिणीच्या घरी फोन लावला. पलीकडून अनोळखी पुरुषाचा आवाज आला. तो समजला. शेजारच्या घरात दुसरी बहीण राहायची, तिच्याकडे गेला. तिने त्याला पोटभर जेवू घातलं. मग घरी येऊन त्याने टेबलावरचे कागद नीट लावले आणि परत बहिणीकडे जाऊन वाट पाहत बसला. चार वाजता ते आले. भाचीने ती दोन्ही घरं बाहेरून पाहिली, एकमेकांना लागून आहेत म्हणाली. दोन वर्षं तुरुंगात गेली. 9 एप्रिल 1945 ला फ्लोसनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं, वय 39. दोनच आठवड्यांत अमेरिकन सैन्य तिथे पोचलं.

तर एकशे बारा नावांत एक नाव नव्हतं.

सात वर्षांपूर्वी आमच्या देवघरातली गंधाची चांदीची वाटी सापडेना. घरात चार बायका बसलेल्या होत्या. त्यांच्या देखत मी आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईला विचारलं, "तू सकाळी इथं झाडत होतीस ना?" एवढंच. चोर म्हटलं नाही, ही पळवाट मी सात वर्षं जपून ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. दीड महिन्याने तांदळाची कोठी उन्हात घालायला रिकामी केली तर तळाशी वाटी. सासूबाईंनीच अक्षतांचे तांदूळ घ्यायला नेली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. वाटी चिंचेने घासून जागेवर ठेवली. त्या चार बायकांना मी कधी सांगितलं नाही. तिलाही नाही. कुंथलगिरीला दर वर्षी जाऊन पायऱ्या चढून आले.

फोन ठेवला आणि चार दिवस टाळत राहिले. मग वाटलं, दसरा झाला की ती उसाला जाईल, आमच्या युसूफ वडगावातली निम्मी वस्ती तेव्हा रिकामी होते, आणि मला पुन्हा सहा महिन्यांची सवलत मिळेल. पाचव्या दिवशी दुपारी गेले.

ती दारात गोधडीला टाके घालत होती. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, आता जायची तयारी. मला पाहून उठली. "काकू, तुम्ही? कुणी गेलं का काय?" मी उभ्यानेच सांगून टाकलं, की वाटी तांदळात सापडली, तू घेतली नव्हतीस, मी चौघींत तसं बोलले, चुकलं. मनात ठरवून नेलेली वाक्यं चांगली होती, ती एकही आली नाहीत.

तिने सुई गोधडीला अडकवली.

"कवा सापडली?"

"त्याच वर्षी. दीड महिन्यानं."

"मंग सात वर्सं काय केलं?"

मला उत्तर नव्हतं. तीही थांबली नाही. म्हणाली, त्यानंतर गावात दोन घरांनी तिला कामाला लावलं नाही, म्हणून ती नवऱ्याबरोबर कोयत्याला जायला लागली. आधी तो एकटाच जायचा, दुसऱ्या जोडीदाराबरोबर. सासूला जमत नव्हतं म्हणून थोरल्या पोरीची शाळा सुटली, धाकट्यांना सांभाळायला. हे ती रागाने नाही, पाऊस किती झाला ते सांगावं तसं सांगत होती. माफ केलं असं म्हणाली नाही. मीही परत विचारलं नाही.

मग म्हणाली, "त्या चौघींना सांगा." आणि चहा ठेवायला आत गेली.

आम्ही बाहेरचं घेत नाही. पाणी गाळलेलं लागतं. तिलाही ते माहीत होतं, तीन वर्षं आमचं पाणी तिनेच गाळलं होतं. चहा आला, स्टीलच्या पेल्यात. मी घेतला.

चौघींपैकी एक आता लातूरला असते, एक वारली. उरलेल्या दोघींकडे मी त्याच आठवड्यात जाऊन आले. एकीला प्रसंगच आठवत नव्हता. दुसरी म्हणाली, "अगं, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?" लातूरच्या बाईला फोन केला, तिने उचलला नाही. आज पुन्हा लावणार आहे.