साडेतीनशे रुपयांचा पाइप

पुसेगाव म्हटले की पुण्या-मुंबईची मंडळी लगेच हात जोडतात आणि विचारतात, "सेवागिरी महाराजांचे ना?" मग मला सांगावे लागते, की बुवा, ते पुसेगाव सातारा जिल्ह्यातले. यात्रेत ज्यांचा रथ नोटांच्या माळांनी झाकून जातो, ते. आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. संत नामदेवांची नर्सी आणि औंढ्याचा नागनाथ ज्या जिल्ह्यात आहेत, तो हा जिल्हा. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला. हा खुलासा मी जन्मभर करीत आलो आहे, पण त्याची दाद माणसे घेत नाहीत तशी पार्सलेही घेत नाहीत. दोन वर्षांपूर्वी गाडीच्या दाराची कडी पुण्याहून मागवली, तर ती आधी साताऱ्याकडच्या पुसेगावचे दर्शन घेऊन मग आमच्याकडे आली. तोवर चौदा दिवस आमच्या गाडीचे उजवे दार सुतळीने बांधलेले होते आणि मी डावीकडून आत शिरून, गिअरच्या दांड्यावरून उडी मारून आपल्या जागेवर बसत होतो. वय वर्षे अडुसष्ट!

ही गाडी म्हणजे मारुती ८००. २००४ च्या पाडव्याला घेतली. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. दोन लाख आणि वर काही हजार ही रक्कम मास्तराच्या छातीत धडकी भरवणारी होती. प्रॉव्हिडंट फंडातून काही, सोसायटीचे काही आणि त्या वर्षीच्या हळदीचे काही, असे करून ती दारात आली. हिंगोलीहून गाडी आणली तेव्हा आळीतली लेकरे मागे धावत होती, आणि सौभाग्यवतीने चाकांवर पाणी घालून तिला ओवाळले होते. लेकीची सासरी पाठवणी याच गाडीतून झाली. वडिलांना शेवटचे नांदेडला नेले तेही याच गाडीतून. तेव्हा तिला नुसती गाडी म्हणणे आमच्या घरात कोणाच्या जिभेवर येत नाही. सौभाग्यवती तिला 'आपली म्हातारी' म्हणते. सौभाग्यवती आणि म्हातारी यांच्यात मी कोणाचे जास्त ऐकतो, हा आमच्या घरातला जुना वाद आहे.

गाडी म्हातारी झाली की तिची खर्चाची भूक वाढते. पंधरा वर्षे झाली तेव्हा, २०१९ साली, नोंदणीचे नूतनीकरण सहाशे रुपयांत झाले. पुढच्या पाच वर्षांनी गेलो तो त्याच कामाचे पाच हजार! मधल्या काळात, १ एप्रिल २०२२ पासून, जुन्या गाड्यांची फी वाढली होती. मारुती ८०० चे उत्पादनही जानेवारी २०१४ मध्ये थांबले. सुटे भाग अजून मिळतात, पण एक भाग असली, एक नकली आणि एक 'असलीसारखा', अशा तीन जाती झाल्या आहेत. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींना वीस वर्षांची मुदत होती आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्यांतली शेवटचीही रस्त्यावरून उतरली. ती बातमी मी मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "आपलीलाही पुढच्या वर्षी वीस होतील हो." मी वर्तमानपत्राची घडी घालून विषय बदलला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. यंदा होळीच्या सुमारास मी हिंगोलीला मिस्त्रीकडे गेलो होतो. काम होते पेट्रोलच्या नळ्यांचे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचे सरकारने ठरवले आणि २०२५ मध्ये ते साधलेही. ते उसापासून आणि धान्यापासून होते, म्हणजे त्यात शेतकऱ्याचे हित आहे. मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, मला ते कबूल आहे. पण जुन्या गाड्यांचे रबर काही त्या हिशेबाने केलेले नव्हते. मिस्त्रीने त्या नळ्या बदलल्या. जाता जाता त्याने रेडिएटरचा वरचा होज पाइप दोन बोटांत दाबून पाहिला आणि तोंड वाकडे केले.

"गुर्जी, हा फुगलाय. टोकाला चिरलाय बी. आजच बदलून टाका."

"किती?"

"मजुरीसकट साडेतीनशे."

आता साडेतीनशे रुपये म्हणजे काही फार नव्हेत. पण नळ्यांचे बिल नुकतेच हातात पडले होते, आणि माणसाला एका बिलावर दुसरे बिल सोसत नाही. शिवाय माझ्या मनात एक शंका उगाच डोकावली, की हा मिस्त्री गिऱ्हाईक समोर दिसले की काहीतरी काढतोच. वास्तविक गेली पंधरा वर्षे त्याने मला एकदाही फसवलेले नाही. तरी मी म्हणालो, "पुढच्या खेपेला बघू."

तो हसला नाही. म्हणाला, "पुढच्या खेपेला हेड उतरावं लागंल, गुर्जी."

मी घरी आलो. पुढची खेप मार्चमध्ये झाली नाही, एप्रिलमध्येही झाली नाही. गाडी छान चालत होती. छान चालणाऱ्या गाडीवर पैसे का घालावे, हा प्रश्न मला त्या दिवसांत फार शहाणपणाचा वाटत होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे तीनच्या सुमारास, सौभाग्यवतीचा दमा उसळला. तिला दमा जुनाच आहे. पंप नेहमी उशाशी असतो. पण त्या रात्री पंपाने उतार पडेना. ओठ निळसर दिसायला लागले. शेजारच्या मुलाने विचारले, "गुर्जी, एकशेआठला लावू का फोन?" आणि मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवते. मी म्हणालो, "दारात गाडी असताना रुग्णवाहिका कशाला?"

निघालो. अर्ध्या वाटेवर एका फाट्याजवळ बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. तपमानाचा काटा कधीच लाल रेघेवर टेकला होता. मी रस्ता सोडून तिच्या श्वासाकडे पाहत होतो, काट्याकडे माझे लक्षच नव्हते. इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले. पाइप फाटला होता. साडेतीनशेचा.

तिला रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसवले. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ती एकेक श्वास ओढत होती. प्रत्येक श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता आणि दुसरा कुठलाच आवाज त्या रस्त्यावर नव्हता. आता मात्र मी एकशेआठला फोन लावला. गाडी निघाली असे उत्तर मिळाले. पण तेवढ्यात हळदीची पोती घेऊन हिंगोलीच्या बाजाराला निघालेला एक टेम्पो आला. चालकाने काही न विचारता क्लीनरला मागे पोत्यांवर पाठवले आणि आम्हाला पुढे घेतले. मी रुग्णवाहिका येऊ नये म्हणून कळवले. हळदीच्या वासाने तिचा त्रास वाढेल, या भीतीने ती सारा रस्ता पदर नाकाशी धरून बसली होती. दवाखान्यात वाफेतून औषध दिले, ऑक्सिजन लावला, आणि सकाळी आठला ती पहिल्यांदा नीट बोलली. म्हणाली, "म्हातारी एकटीच राहिली का हो रस्त्यावर?"

मी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिले.

गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली. त्याने ऑइलची काडी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. ऑइल काळे असायला हवे, ते दुधाच्या कॉफीसारखे झाले होते. मग त्याने एखाद्या चांगल्या मास्तरासारखे समजावले. रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांनाही उकळत नाही. पाइप फाटला की दाब जातो, पाणी उकळून उडून जाते आणि इंजिन तापते. हेड ॲल्युमिनियमचे, ते तापून वाकते. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट मग उडते आणि पाणी ऑइलमध्ये शिरते. हेड उतरवून लेथवाल्याकडे सपाट करून घ्यावे लागले. गॅस्केट, ऑइल, कूलंट, थर्मोस्टॅट, मजुरी मिळून बिल झाले तेरा हजार आठशे. 'मी सांगितले होते' असे तो एका शब्दाने म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर मला बरे वाटले असते.

भंगारवाल्याने गाडीचे पंचवीस हजार सांगितले होते. पंचवीस हजारांच्या गाडीवर चौदा हजार घालणे हा मूर्खपणा, असे जावयांनी फोनवर सांगितले. मी मास्तर, मी वही काढली. गेल्या पाच वर्षांत गाडीवर, विमा आणि पेट्रोल सोडून, साठ हजार खर्च झाला होता. म्हणजे महिना हजार रुपये. नव्या गाडीसाठी पाच लाखांचे कर्ज सात वर्षांकरिता नऊ टक्क्यांनी काढले, तर हप्ता महिना आठ हजारांच्या आसपास बसतो. गाडीची आजची किंमत काहीही असो, तुलना करायची ती महिन्याच्या हजाराची आणि आठ हजारांची. मी विजयी मुद्रेने वही सौभाग्यवतीपुढे धरली. क्युबात १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या अजून रस्त्यावर धावतात, हेही ऐकवले.

तिने चष्मा लावून सगळे रकाने वाचले. मग म्हणाली, "हिशेब बरोबर आहे तुमचा. पण त्या दगडावर मी बसले होते, ते कुठल्या रकान्यात लिहिलंय?"

वहीत तसा रकाना नव्हता.

त्या रात्री मी पुन्हा वही चाळली. मोठी बिले पाच होती. त्यांतली चार अशी निघाली, की आधी कोणीतरी मला सांगितले होते आणि मी 'पुढच्या खेपेला' म्हणालो होतो. ब्रेक कुरकुरतात, म्हणून पॅड बदला म्हटले. ते टाळले आणि पुढे डिस्कच गेली. बॅटरीच्या टोकांवर पांढरे साचते, म्हटले, ते टाळले. म्हातारीने मला क्वचितच फसवले होते. तिने दर वेळी आधी खोकून दाखवले होते. जुनी वस्तू महाग नसते, वाचकहो. महाग असते ती आपली 'पुढची खेप'. तिचे व्याज सावकारापेक्षा चढे असते, आणि एखादे वेळी ते आपल्या खिशातून न जाता दुसऱ्याच्या श्वासातून जाते.

गाडी आम्ही ठेवली. मात्र आता स्वयंपाकघरातल्या फळीवर एक डबा आहे. दर पेन्शनला त्यात हजार रुपये पडतात आणि त्याची किल्ली माझ्याकडे नाही. मिस्त्री जे बदला म्हणेल ते त्याच दिवशी बदलायचे, आणि रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ आली तर आधी एकशेआठला फोन करायचा. गाडी दारात असली तरी. हे दोन्ही नियम सौभाग्यवतीचे. मी त्यांवर सही केली आहे.

दसऱ्याला नेहमीप्रमाणे गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. सौभाग्यवती ताट घेऊन आली. चाकांना कुंकू लावले आणि मग मला म्हणाली, "ते वरचं झाकण उघडा."

मी बॉनेट उघडले. तिने नीट वाकून पाहिले आणि विचारले, "तो कुठला?"

मी बोट दाखवले. काळ्या नव्या पाइपावर तिने हळद-कुंकवाची दोन बोटे ओढली, त्यावर एक झेंडूचे फूल ठेवले आणि म्हणाली, "बंद करा. आणि चालू करायच्या आधी फूल आठवणीनं काढा. नाही तर पुढच्या खेपेला म्हणाल!"