किल्ली आणि प्रत

जुन्या वाड्यांतून कोठीच्या खोलीची किल्ली एकाच वडीलधाऱ्या बाईच्या कमरेस असे. ह्या प्रघातास आम्ही पूर्वीं हंसत असूं. गेल्या दिवाळीपासून हंसत नाहीं.

आमचें घर कोल्हापुरास, पंचगंगेपासून फार दूर नाहीं. आमच्या कैलासवासी मातोश्रींनीं म्हटलेलीं मंगळागौरीचीं अकरा गाणीं १९८६ सालीं कॅसेटवर घेतलेलीं होतीं. तीं आम्हीं वेळींच संगणकावर उतरवून घेतलीं हें सुदैव. कारण ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत कॅसेटी चिखलांत गेल्या. पुढें माडीवर 'नॅस' नांवाची पेटी बसविली. घरच्या वायफायच्या जाळ्यास जोडलेली ही दोन डिस्कांची सामाईक कोठीच होय. राउटरमध्यें तिचा क्रमांक कायम करून ठेवला, म्हणजे दिवाणखान्यांतील टीव्हीस ती रोज नव्यानें शोधावी लागत नाहीं. दोन्ही डिस्कांवर तोच मजकूर राहील अशीही योजना केली. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ ह्या बर्कलीच्या संशोधकांनीं १९८८ सालच्या निबंधांत 'रेड' म्हणून ज्या ५ योजना वर्णिल्या, त्यांतील ही पहिली. एक डिस्क बिघडली तरी दुसरी आहे, ह्या समाधानांत आम्हीं सर्वांस एकच पासवर्ड दिला. घरांत परकें कोण आहे?

दिवाळींत जागा अपुरी पडूं लागली. धाकट्या नातवानें मोठ्या हौसेनें आवराआवर केली व कचरापेटीही रिकामी केली. त्यांत मातोश्रींचीं गाणीं गेलीं. दुसरी डिस्क होती. परंतु आरसा तो आरसाच! एकीवर लिहिलेलें दुसरीवर तत्क्षणीं उमटतें, तसेंच एकीवरून पुसलेलें दुसरीवरूनही पुसलें जातें. आमच्या ध्यानांत येईतों त्या जागेवर दिवाळीचीं नवीं छायाचित्रें लिहिलीं गेलीं होतीं. पुण्याच्या ताईच्या मोबाईलांत दोन गाणीं मिळालीं. उरलेलीं नऊ गेलीं तीं गेलींच.

पोरास रागें भरण्यांत अर्थ नव्हता. विश्वासासच आम्ही व्यवस्था समजलों, हा अपराध आमचा. आतां प्रत्येकाचें खातें निराळें आहे. पाहण्याऐकण्याची मुभा सर्वांस. पुसण्याचा अधिकार मात्र दोघांसच, आम्हांस व थोरल्या सूनबाईंस. रोज रात्रीं एक प्रत ताईकडील पेटींत जाते, व तेथें पुसलेलेंही ३० दिवस राखून ठेवलें जातें. दर संक्रांतीस त्या प्रतींतून एखादी वस्तु परत आणून पाहतों. कारण न तपासलेली प्रत म्हणजे नुसती समजूत.

ह्या प्रसंगीं आमच्याच गांवची एक गोष्ट आठवते. शाहू महाराजांच्या पदरीं असलेले अल्लादियाखाँ १९४६ सालीं वारले. त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका मागें राहिली नाहीं. तरी त्यांची गायकी राहिली, ती शिष्यांच्या गळ्यांत. मातोश्रींचीं तीं नऊ गाणीं मात्र आमच्या घरांत कोणीच शिकलें नव्हतें. पेटींत आहेत, मग घाई काय, असें म्हणतां म्हणतां तें राहून गेलें. उरलेलीं दोन घरांतील मुली आतां पाठ करीत आहेत.