आजीचा चौदावा रुपया

माझ्या आजीजवळ चौदा राणीछाप रुपये होते. लग्नात माहेरहून मिळालेले ते रुपये तिने कागदाच्या घड्यांत गुंडाळून एका सागवानी पेटीत ठेवले होते, आणि ते सहसा बाहेर काढले जात नसत. १९६७ साली, मी सातवीत असताना, या खेपेस ते लक्ष्मीपूजनाच्या तबकात मांडावे असे तिच्या मनात आले. तिने पेटी उघडली आणि एकेक घडी सोडवली. रुपये काळपट झाले होते. आजीचा चेहरा जरासा उतरला; तो मी पाहिला.

त्याच दुपारी, घरात सर्वजण फराळाच्या खटपटीत असताना, मी चिंच आणि रांगोळी घेऊन मोरीत बसलो. भांडी घासावीत तसे तेरा रुपये मी घासून काढले. चौदावा हाती घेणार तोच जेवणाची हाक आली. आजीने ते तेरा रुपये पाहिले आणि तिला कोण आनंद झाला! "किती लख्ख केलेस रे, बाळा!" असे म्हणून तिने माझ्या हातावर चकली ठेवली. काळा राहिलेला एक रुपया तबकात शोभणार नाही म्हणून तिने पुन्हा कागदात गुंडाळला. त्या वेळी बडोद्यात माझ्याइतका धन्य मुलगा दुसरा कोणी नसेल.

पाडव्याला आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ फराळाला आले. त्यांना जुन्या नाण्यांचा षोक होता. तबकाकडे पाहून ते क्षणभर थांबले. परंतु आजीसमोर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला घरी बोलावले, आणि येताना तो न घासलेला रुपया आणावयास सांगितले. त्यांच्या टेबलावर एक दिवा आणि एक भिंग होते.

"अरे, तू मळ काढलास असे तुला वाटते," ते म्हणाले, "पण तू चांदी काढलीस."

मला काहीच समजले नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. हवेत गंधकाचा अंश असतो; कागद, लाकूड, लोकर यांतूनही तो निघतो. तो चांदीशी मिळतो आणि नाण्याच्या पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा धरतो. हा पापुद्रा बाहेरून बसलेली धूळ नव्हे. नाण्याचीच चांदी रूप पालटून तेथे राहिलेली असते. प्रारंभी तो इतका पातळ असतो की मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यांतल्या एका भागाइतकाही भरत नाही. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळी रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग दिसतात, तसेच या पापुद्र्यावर प्रकाशाच्या खेळाने रंग उमटतात. तो जाड होत जातो तसतसा रंग पालटतो: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग किरमिजी, जांभळा, निळा. पुढे पुष्कळ वर्षांनी सारे काळे पडते.

नंतर त्यांनी तो चौदावा रुपया कडेने धरून दिव्याखाली किंचित तिरपा केला. मी आजवर ज्याला काळा म्हणत होतो तो काळा नव्हताच. काठाशी गडद निळा, त्याच्या आत जांभळा, मग केशरी, आणि राणीच्या मुखाभोवती मंद सोनेरी. हवा काठाकडून आत शिरते म्हणून रंगांची चढण काठापासून सुरू होते. अक्षरांच्या अगदी कुशीत मात्र धातू जरा उजळच राहिलेला होता. नाणे फिरवले की रंगांच्या खालून प्रकाशाची एक पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी फिरत होती. टाकसाळीत छाप्याचा दाब पडताना धातू मध्यापासून काठाकडे सरकतो व त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उठतात. ही फिरती चकाकी त्या रेषांची. "ही चकाकी परत आणता येत नाही," काका म्हणाले. मग त्यांनी माझा एक लख्ख रुपया त्याच दिव्याखाली धरला. तो सगळीकडून सारखाच चमकत होता आणि त्यावर रांगोळीचे शेकडो ओरखडे होते.

मी रडलो. माझी समजूत काढावी म्हणून असेल, पण ते म्हणाले की तेरांपैकी नऊ-दहा मुळातच झिजलेले होते, त्यांचे फारसे गेले नाही. उरलेल्या तीन-चारांविषयी ते गप्प राहिले. आजीला यांतले काही सांगू नये असे आमचे ठरले, आणि तिला ते अखेरपर्यंत कळले नाही.

तेव्हापासून नाणी पाहण्याचा नाद मला लागला. विद्यार्थिमित्रांनो, रंग पाहून भुलू नये हे मी फार उशिरा शिकलो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका प्रदर्शनात सयाजीराव महाराजांचा एक रुपया मी पगाराचा मोठा हिस्सा देऊन घेतला. एका बाजूस महाराजांची छबी, दुसऱ्या बाजूस 'एक रुपया' ही देवनागरी अक्षरे, आणि दोन्ही बाजूंवर मोरपिशी निळाई! विक्रेत्याने शपथेवर सांगितले की रंग नैसर्गिक आहे. घरी येऊन भिंगाखाली धरला तेव्हा सोनेरी किंवा किरमिजी पायरी कोठेच नव्हती, एकदम निळाच. त्या निळ्याच्या खाली घासल्याचे ओरखडे होते, आणि झिजलेल्या गालावर चकाकीचा मागमूस नव्हता. घासलेल्या नाण्याला कोणी गंधकाची धुरी देऊन नवा अंगरखा चढवला होता. माझ्या मोरीतल्या पराक्रमाचेच ते पुढचे पाऊल. दोष त्याचा जितका, तितकाच माझ्या अधीरतेचा.

म्हणून आता मी आधी रंगाखालचे नाणे पाहतो. गालाचा उंचवटा, केसांच्या बटा, पोशाखावरील वेलबुट्टी शाबूत आहे काय, चकाकी फिरते काय, मगच रंग. विरळ नाणे काळपट असले तरी विरळच राहते, आणि सर्वत्र मिळणारे झिजके नाणे इंद्रधनुष्य पांघरून आले तरी त्याचे मोल चांदीपलीकडे फारसे जात नाही. सालावरही विसंबू नये: आजीच्या रुपयावर १८६२ हे साल होते, पण पुढे बरीच वर्षे टाकसाळीतून तेच साल घालून रुपये निघत राहिले. शिवाय आवडी पालटतात. एके काळी संग्राहक स्वतःच नाणी औषधात बुडवून पांढरी करीत. आज त्याच पांढरेपणाकडे संशयाने पाहिले जाते.

२०१४ साली पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी पैशांची निकड पडली तेव्हा पेटी घेऊन मी मुंबईस गेलो. तेथील जाणकाराने तेरा रुपये मोजले, एकत्र तागडीत टाकले आणि हिशेब केला: प्रत्येकी ११.६६ ग्रॅम वजन, बारांतले अकरा भाग चांदी. त्यापलीकडे त्याने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. चौदावा मात्र त्याने पाऊण तास पाहिला. प्रथम म्हणाला, रंग लावलेला दिसतो. मी आजीचा कागद पुढे केला. त्यावर नाण्याची तपकिरी वर्तुळे उमटली होती. तो हसला. "कागद कोणीही आणील, नाण्याने बोलले पाहिजे." त्याचे खरे होते. मग मी त्याला पायऱ्या दाखवल्या, अक्षरांच्या कुशीतला उजेड दाखवला, आणि राणीच्या गालावरची एक जुनी बारीक चीर दाखवली. तिच्या तळापर्यंत तोच सोनेरी रंग पोचला होता. चीर अलीकडची असती तर तेथे पांढरी चांदी दिसली असती. त्याने पुन्हा भिंग लावले. त्या एका रुपयाची किंमत तेरांच्या एकत्रित किमतीहून अधिक आली. मी तो विकला. परतीच्या गाडीत पेटी फार हलकी वाटत होती.

तेरा रुपये मी परत आणले. आता त्यांवर पुन्हा करडी-निळसर झाक येऊ लागली आहे. ओरखडे तिच्याखाली तसेच आहेत, आणि कोणीही जाणकार तिला फसणार नाही. मी त्यांना मऊ कागदात ठेवतो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत चांदीवर हिरवा चिकटा धरतो म्हणून ती मी टाळतो.

गेल्या दिवाळीत माझी नात वाटीत चिंच भिजत घालून मोरीजवळ बसलेली दिसली. पेटी तिच्या मांडीवर होती. मी तिच्या हातून पेटी घेतली, दिवा लावून तिला एक रुपया भिंगाखाली दाखवला, ओरखडेही दाखवले. तिने बराच वेळ पाहिले. मग विचारले, "आजोबा, हा तर आधीच घासलेला आहे ना? मग हा घासू?" मी तो तिला दिला. संध्याकाळी तबकात तो एकटाच लख्ख होता, आणि माझी पत्नी तिला जवळ घेऊन म्हणाली, "किती छान केलास ग!"