खो देणारे, खो घेणारे

माणसाचे वय वर्षांनी मोजता येते. शाळेचे तसे मोजता येत नाही. शाळा दरवर्षी एका वर्षाने जुनी होते आणि त्याच वर्षी पुन्हा बाल होते. मार्चअखेर दहावीचा वर्ग परीक्षेला बसून बाहेर पडतो, जूनमध्ये आठवीचा वर्ग भांबावल्या चेहऱ्याने आत येतो, आणि मधल्या दोन महिन्यांत फळ्यावरची धूळ तेवढी वाढलेली असते. वर्गाला या उलथापालथीची सवय असते. पण खेळाच्या संघाचे तसे नाही. त्याच्यातून दहावीची मुले वजा केली, की पुष्कळदा संघच वजा होतो.

आम्ही मूळचे कलाशाखेचे. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. ज्याच्या गळ्यात कोणी दुसरे काही घातलेले नसते त्याच्या गळ्यात शाळा शिट्टी घालते, या न्यायाने खो-खोचा संघ आमच्याकडे आला. घरी कोकणी, वर्गात मराठी आणि मैदानावर दोहोंची खिचडी, अशी आमची भाषा. 'राव' म्हणजे कोकणीत 'थांब'. तालुक्याच्या मैदानावर आम्ही कडेने 'राव, राव' असे ओरडू लागलो, की प्रतिस्पर्धी शाळेच्या मुलांना वाटे, कणकुंबीचे गुरुजी आपल्या शिष्यांना फारच आदराने हाक मारतात.

गेल्या जूनमध्ये पटावर नजर फिरवली, तेव्हा नऊ पक्क्या खेळाडूंपैकी तीन उरले होते. पाच जण दहावी होऊन गेले. सहावा, खांबावर सूर मारणारा आमचा सर्वांत भरवशाचा गडी, नववीतूनच मामाबरोबर गोव्याला गेला. चोर्ला घाट उतरला की साखळी, आणि साखळीच्या पुढे हॉटेले, कारखाने, दुकाने. इकडच्या कितीतरी घरांचे निम्मे अन्न त्या बाजूने येते. त्याला कोण कशाच्या बळावर अडवणार? शिक्षकांच्या खोलीत सूर निघाला की यंदा संघ पाठवूच नये. तिघांवर नऊ जणांचा खेळ कसा उभा राहणार? म्हणणे वावगे नव्हते. पण एक वर्ष संघ गेला नाही, तर पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी खेळ पाहिलेलाच नसतो. परंपरा तुटायला दहा वर्षे लागत नाहीत. एक पावसाळा पुरतो.

अशा वेळी आमच्यासारख्या पुस्तकी माणसाला आधार सुचतो तो पुस्तकातलाच. अमेरिकेतील महाविद्यालयांत बास्केटबॉलचे मोठे वेड आहे. तेथे खेळाडूला साधारणपणे चार वर्षे खेळता येते. त्यानंतर तो कितीही थोर असो, त्याला जागा रिकामी करावी लागते. त्यात आता महाविद्यालय बदलणेही सोपे झाले आहे. २०२१ पासून तसे करणाऱ्याला पूर्वीसारखे एक वर्ष बाहेर बसावे लागत नाही. त्यामुळे दर उन्हाळ्यात तेथील प्रशिक्षकांपुढे आमचाच प्रश्न उभा राहतो: गेले कोण, राहिले कोण, आणि आले कोण? लॉस एंजलिसच्या यूसीएलए या विद्यापीठाचे जॉन वुडन यांनी १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. या काळात त्यांचे खेळाडू पुनःपुन्हा बदलले. हे वुडन आरंभी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवीत असत, हे वाचून आम्हांला किती धीर आला म्हणून सांगावे! दर हंगामाच्या पहिल्या दिवशी ते मुलांना पहिला धडा देत तो मोजे आणि बूट नीट कसे घालावेत याचा. मोज्याला चुणी राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. आमच्या मुलांपैकी बहुतेक जण अनवाणीच खेळतात, तेव्हा मोज्यांचा प्रश्न नव्हता; पण धड्याचे मर्म कळले. नव्या मुलाला जुन्याच्या जागी बसवण्यापूर्वी त्याला बसायला शिकवावे.

आणि खो-खो हा तर बसण्याचाच खेळ आहे! पळणारे सर्वांना दिसतात. पण पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ जण मधल्या पाटीवर, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि धावत असतो एकटा नववा. त्याने एकदा दिशा धरली की माघारी वळता येत नाही. पळणारा हातून निसटला, तर त्याने बसलेल्याच्या पाठीमागून हात लावून मोठ्याने 'खो' म्हणावयाचे, आपण त्याच्या जागी बसावयाचे आणि त्याने उठावयाचे. खो मिळण्याआधी उठणे हा दोष, आणि खो मिळाल्यावर रेंगाळणे हा त्याहून मोठा दोष. या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने प्रथम बांधले, आणि १९५९-६० साली विजयवाड्यास पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. त्यात भारताच्या पुरुषांनी व महिलांनी, दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आमच्या मुलांनी ते सामने एका भ्रमणध्वनीभोवती दाटीवाटी करून पाहिले होते. जूनमध्ये आठवीची अकरा मुले आपण होऊन नाव द्यायला आली, त्याचे श्रेय आमच्या शिट्टीला नसून त्या चषकाला आहे.

मुले मिळाली, मैदान मिळेना. इतर गावांत खेळाचा हंगाम संपला की विश्रांतीचा काळ येतो. कणकुंबीत त्या काळाला पावसाळा म्हणतात, आणि तो विश्रांती कोणालाच देत नाही. येथे मलप्रभा उगम पावते आणि सुमारे ३०० किलोमीटर पूर्वेला जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. येथलाच कळसा ओहोळ पश्चिमेला वळून म्हादईत जातो. एकाच डोंगरावरचा पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. वाटून उरलेला सगळा आमच्या मैदानात साचतो. जून ते ऑगस्ट मैदानात बेडकांचे राज्य असते, आणि तालुक्याची स्पर्धा तर पावसाची पाठ फिरते न फिरते तोच दाराशी येते.

येथेही बास्केटबॉलचाच इतिहास उपयोगी पडला. १८९१ सालच्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्ड येथील जेम्स नायस्मिथ या शिक्षकापुढे, बाहेर खेळता न येणाऱ्या अठरा कंटाळलेल्या विद्यार्थ्यांना गुंतवायचे कसे, हा प्रश्न होता. त्यांनी व्यायामशाळेत दोन बाजूंना पीच फळांच्या टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले. त्यांच्याकडे बर्फ, आमच्याकडे पाऊस. त्यांच्याकडे टोपल्या, आमच्याकडे व्हरांडा. बाके एका भिंतीला लावून आम्ही खडूने आठ चौरस आखले. पूर्ण धावायला जागा नव्हती, तेव्हा उरले ते बसणे, उठणे आणि खो. मुले डोळे मिटून बसत. खो ऐकू आला तरच उठायचे. पण वर पत्र्यावर पावसाचा असा ताशा चाले की हळू दिलेला खो खोणाऱ्यालाच ऐकू येईना. महिन्याभरात एकेकाचा आवाज असा खुलला, की शेजारच्या वर्गातील गणिताच्या शिक्षकांनी मुख्याध्यापकांकडे नम्र निवेदन केले.

मग फेरबदलांचा प्रश्न आला. गेलेल्या मुलांची नावे घेऊन त्यांच्या जागा भरणे सोपे असते, आणि घातकही. उंच गेला म्हणून दुसरा उंच शोधावा, तर उंच कोणी नव्हतेच. खांबाशी लांब सूर मारणे हे जुन्या संघाचे शस्त्र होते; ते आम्ही खुंटीला टांगले. नव्या बुटक्या, चपळ मुलांना जवळजवळचे, झटपट खो देऊन पळणाऱ्याला कोंडायला शिकवले. संघ बदलतो तेव्हा केवळ नावे बदलून भागत नाही. खेळही बदलावा लागतो.

खरा पेच कर्णधाराचा होता. उरलेल्या तिघांत एक मुलगा खेळात सर्वांहून सरस. पण त्याची वाडी ओहोळापलीकडे. ओहोळ चढला की तो चार-चार दिवस येऊ शकत नसे, आणि आला तरी गुरांकडे जाण्यासाठी त्याला लवकर परतावे लागे. दुसरा दोन वर्षे राखीव बसलेला, खेळाने मध्यम, पण एक दिवस चुकला नाही. निवड आम्ही मुलांवर सोपवली. त्यांनी दुसऱ्याला निवडले. पहिला नाराज होईल अशी आम्हांला धास्ती होती. परंतु नव्या कर्णधाराने पहिले फर्मान काढले ते असे: तो नसेल त्या दिवशी त्याचा चौरस रिकामा ठेवायचा, कोणी तेथे बसायचे नाही. व्हरांड्यातल्या त्या रिकाम्या चौरसापाशी आठवीची मुले अडखळत, पुढच्यापर्यंत धावत आणि धापा टाकत. ओहोळ उतरल्यावर तो आला, आपला चौरस तसाच आहे हे पाहून क्षणभर उभा राहिला, आणि मग काही न बोलता बसला. त्यानंतर परतीची घाई असली तरी जाण्यापूर्वी तो धाकट्यांना खांबाभोवतीच्या दोन हुलकावण्या शिकवूनच जाऊ लागला.

स्पर्धेत आमच्या संघाने पहिला सामना जिंकला आणि दुसरा एका गुणाने गमावला. पंचांनी खेळानंतर एवढेच सांगितले, की खो कसा द्यावा हे या मुलांकडून ऐकावे. हे प्रशस्तिपत्र त्या पत्र्याचे आहे, असे आम्ही मनातल्या मनात म्हणालो.

हा अंक हाती पडेल तेव्हा कर्णधार आणि त्याचा ओहोळापलीकडचा सोबती दहावीच्या अभ्यासात असतील. नंतर त्यांपैकी कोणी जांबोटीच्या वाटेने बेळगावकडे जाईल, कोणी घाट उतरून गोव्यात. तुम्हांला थांबवणे आमच्या हाती नाही आणि मनातही नाही. मुलांनो, एवढेच मागणे आहे. खेळाडू जागा सोडतो ती खो देऊन. मुकाट्याने उठून जाण्याची रीत आपल्या खेळात नाही. तेव्हा सुट्टी संपण्यापूर्वी एक संध्याकाळ मैदानावर या. ज्या धाकट्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटेल त्याच्या पाठीवर ठेवा, आणि त्याला तुमचे एखादे कसब देऊन जा. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आम्ही पुन्हा व्हरांड्यात खडू घेऊन उभे राहू. चौरस आठच असतील. पण ते कोणासाठी आखायचे, हे तोवर आम्हांला कळलेले असावे.