जिथे चूल, तिथे मत

पुण्याहून संध्याकाळी सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस रात्री सोलापूरला पोचते. शनिवारी तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. कुणी कारखान्यात, कुणी बांधकामावर, कुणी शिकायला पुण्यात राहिलेले. आम्ही उभयताही त्यांच्यातलेच. वीस वर्षांपूर्वी पोटासाठी जिल्हा सोडला. परवा मावशींच्या नातवाच्या नामकरणविधीसाठी मुलाला घेऊन निघालो, तेव्हा त्याने विचारले, "गाडीचं नाव हुतात्मा का?"

दुसऱ्या दिवशी त्याला चार पुतळ्यांपाशी नेले. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले आणि इंग्रजांनी शहरावर मार्शल लॉ लादला. या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले. "आडनावं वाच," आम्ही मुलाला म्हटले. चार आडनावे, चार समाज. शहर कुणाचे, याचे उत्तर त्या चौथऱ्यावरच उभे आहे.

तिथून पूर्व भागात गेलो. कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ. घराघरांतून मागाचा खडखडाट, उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, आणि कानावर तेलुगू. निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून हे विणकर पिढ्यान् पिढ्या इकडे येत राहिले. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली, आणि हाताला काम आहे हे कळताच येणाऱ्यांची रीघ लागली. सोलापुरी चादरीने गावाचे नाव जगभर नेले, त्यात या हातांचा मोठा वाटा आहे.

पण ही माणसे नुसती कामापुरती राहिली नाहीत. त्यांनी शाळा काढल्या, युनियन बांधल्या, निवडणुका लढवल्या. १९८० ते १९९८ या काळात सोलापूरचे खासदार होते गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ, तिघेही या तेलुगू भाषक समाजातले. विडी कामगारांचे नेते नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ मध्ये आमदार झाले. कुणाला त्यांचा पक्ष पटो वा न पटो, कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरे झाली आणि पुढे रे नगर उभे राहिले, ते याच संघटनेच्या रेट्यातून. रे नगरच्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला.

त्याच रे नगरात आम्हाला एक अक्का भेटल्या. हजार विड्या वळून झाल्या तरच त्यांचा दिवस भरतो. घर दाखवताना त्यांचा चेहरा फुलला होता. "भाड्याच्या खोलीत जन्म गेला ताई. आता दार आपलं, कडी आपली." मग गटाराचा विषय निघाला. "ग्रामसभेत बोलत नाही का?" सौभाग्यवतींनी विचारले. अक्का हसल्या. "आमचं नाव कुठं हाय तिथं? मत शहरात, जुन्या पत्त्यावर. मतदानाला रोज बुडवून जातो की."

घर कुंभारीत आणि मत शहरात! ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव त्या गावच्या मतदार यादीत आहे. म्हणजे ज्या गटाराचा वास अक्कांना रोज येतो, त्याबद्दल बोलण्याचा हक्कच त्यांच्यापाशी नाही.

आम्ही समजावायला लागलो, तोच मुलगा म्हणाला, "पप्पा, आपलं मत तर गावाकडं आहे ना?" आम्ही गप्प झालो. वीस वर्षे पुण्याचे पाणी प्यालो, पुण्याच्या कचऱ्यावर तक्रारी केल्या. मतदानाला कधी गावी गेलो, बहुतेक वेळा गेलोच नाही. आम्ही अक्कांना कोणत्या तोंडाने सांगणार?

वाचकहो, बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्यात अधिकारपद मिळवण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे दोन सर्वांत मोठे हक्क म्हणून मांडले होते. त्या काळी मत मिळे ते कर आणि मालमत्ता पाहून. आपल्या आजोबांना ते नव्हते. संविधानाने ते प्रत्येक प्रौढाला दिले, आणि देशात कुठेही जाऊन राहण्याचे स्वातंत्र्यही दिले. दोन्ही हक्क एकत्र वापरायचे असतात, हे मात्र आपण विसरलो.

कायदा मूळ गाव विचारत नाही, तुम्ही सर्वसाधारणपणे कुठे राहता एवढेच विचारतो. भाड्याची खोलीही चालते. गावी घर आहे, एवढ्याने तिथला हक्क ठरत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. पहिल्यांदा नाव घालायचे तर नमुना ६, पत्ता बदलला तर नमुना ८. अर्ज मतदान केंद्राच्या बीएलओकडे देता येतो.

निघण्यापूर्वी अक्कांच्या ओट्यावर बसून मुलाने त्यांचा नमुना ८ भरला. अक्कांनी सही केली, पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आता गटाराचं बगते." मुलाने दुसरा कोरा अर्ज पुढे सरकवला. तो आमच्यासाठी होता.