दिसायला नवं, खेळायला काय?

गुजरातीत खेळाला 'रमत' म्हणतात आणि खेळण्याला 'रमवुं'. आपल्या मराठीत रमणं म्हणजे मन लागणं. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांतून या दोन अर्थांची गंमत रोज घडते. आजी विचारते, "आमचं कारटं कुठं रमलंय?" आणि शेजारचा मुलगा सांगतो, "दादी, नीचे रमे छे." दोघांचंही बरोबर असतं. दोन भाषांच्या घरातली ही मौज सीमाभागातल्या वाचकांना मी वेगळी सांगायला नको. तुमच्यापैकी कित्येकांच्या अंगणात कानडीतला 'आट' आणि मराठीतला 'खेळ' शेजारी शेजारी नांदत आले आहेत. सांगायचं इतकंच की, ज्यात माणूस रमतो तो खेळ, ही व्याख्या मला शब्दकोशानं नव्हे, शेजारानं शिकवली.

अलीकडे मात्र शाळेतल्या मुलांच्या तोंडून खेळाची पहिली ओळख वेगळीच ऐकू येते. मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना कानावर पडतं, "काय ग्राफिक्स आहेत, यार!" खेळ कसा आहे, त्यात काय करायचं असतं, हे नंतर, कित्येकदा ते राहूनच जातं. मुख्याध्यापकानं अशा गोष्टींकडे काणाडोळा करावा हे शहाणपणाचं. पण गेल्या जूनमध्ये हा विषय थेट माझ्या टेबलावर येऊन बसला.

आमच्या नववीतल्या एका मुलाचे वडील भेटायला आले. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर आहेत. घरात एक जुना, दुसऱ्या हातचा संगणक. मुलाला पुढं व्हिडिओ गेम तयार करण्याच्या धंद्यात जायचं आहे आणि त्यासाठी त्यानं चाळीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड मागितलं होतं. वडील म्हणाले, "सर, दिवाळीचा बोनस आणि मंडळींच्या भिशीचे पैसे मिळून जमेल कसंबसं. पण तो म्हणतो, हे कार्ड नसेल तर नवे गेम चालणारच नाहीत, आणि नवे गेम खेळले नाहीत तर नवं काही सुचणारच नाही. खरं आहे का हे?"

खेळ चांगले की वाईट, असा प्रश्न असता तर माझ्याजवळ तयार उत्तर होतं. प्रत्येक मुख्याध्यापकाजवळ असतं. हा प्रश्न निराळा होता. चित्र जितकं हुबेहूब तितका खेळ नवा, हे खरं का? आणि त्यावर एका घराची वर्षभराची शिल्लक अवलंबून होती. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

वाचायला लागलो तेव्हा पहिली गोष्ट समोर आली ती 'टेट्रिस'ची. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो ज्या यंत्रावर रचला, त्यावर चित्र काढण्याची सोयच नव्हती. पडद्यावर फक्त अक्षरं उमटत. त्यांनी कंस जोडून चौकोन केले. सात आकार, ते वरून पडणार, ओळ भरली की नाहीशी होणार. बस्स. आज चाळीस वर्षांनीही तो खेळला जातो. त्याआधीचा १९७८ सालचा जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स' घ्या. त्यातले शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले वेगानं चालून येतात आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागते. ही युक्ती आधी ठरवलेली नव्हती. प्रोसेसर बिचारा दुबळा. पडद्यावरची चित्रं कमी झाली की त्याला काढायला कमी पडत आणि उरलेली तो भरभर हलवी. निर्माते निशिकादो यांनी ती उणीव झाकली नाही, तशीच ठेवली. खेळ पुढं सरकेल तसा कठीण होत जावा, ही कल्पना लोकांच्या अंगवळणी पडली त्यात या खेळाचा मोठा वाटा आहे.

उलट उदाहरण माझ्या पिढीला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे खेळ आले. एका कॅसेटवर '९९९९९९ खेळ' असं छापलेलं असे. लावून पाहिलं की कळे, खेळ पाच-पंचवीसच. बाकी रंग वेगळा, पायरी वेगळी, नाव वेगळं. मुलं दोन दिवसांत ही लबाडी ओळखत आणि हसून त्याच पाच खेळांकडे वळत. रंग बदलला म्हणजे खेळ बदलला नाही, हे तेव्हा आठ वर्षांच्या पोराला सांगावं लागत नव्हतं.

मी एम.ए. मराठीत केलं, त्यामुळं असा पेच पडला की मन काव्यशास्त्राकडे धाव घेतं. मम्मटानं काव्याचे तीन वर्ग केले. उत्तम, मध्यम आणि अधम. यातल्या अधम काव्याला त्यानं नाव दिलं 'चित्रकाव्य'. शब्दांची कसरत, अलंकारांची रोषणाई, पण आत सुचवलेलं काही नाही. नवे खेळ पाहताना मला वाटलं, हेच ते चित्रकाव्य. शिक्षकांच्या खोलीत मी तसं मोठ्या तोऱ्यात बोलूनही दाखवलं.

आमच्या चित्रकलेच्या बाई इथल्याच फाइन आर्ट्सच्या विद्यार्थिनी. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही चित्राला दागिना समजता आहात. बडोद्यात राहून?" मग त्यांनी राजा रविवर्म्याचं उदाहरण दिलं. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. तैलरंग आणि छायाप्रकाशाचं ते तंत्र युरोपात शतकानुशतकं रुळलेलं. तिकडच्या दृष्टीनं त्यात नवं काही नव्हतं. पण त्या तंत्रानं दमयंती, शकुंतला हाडामांसाच्या झाल्या आणि पुढं १८९४ साली मुंबईत छापखाना निघाल्यावर देवीदेवतांची चित्रं सामान्य माणसाच्या भिंतीवर आली. तंत्र जुनं, त्याच्याकडून करून घेतलेलं काम नवं.

"खेळांतही तसंच," बाई म्हणाल्या. "१९९८ सालचा 'थीफ' बघा." त्यात खेळणारा चोर असतो. उजेडात गेला तर पहारेकऱ्याला दिसतो, सावलीत थांबला तर वाचतो. मशाल विझवली की वाट मोकळी. म्हणजे सावली नुसती शोभेची नाही, तीच नियम आहे. संगणकाला उजेडाचा हिशेब जमू लागला नसता तर तो खेळ उभाच राहिला नसता. १९९६च्या 'सुपर मारिओ ६४'मध्येही पडद्याला खोली आली म्हणून मारिओ हवा तिकडे वळू शकला. धावणं आणि उडी मारणं यांचा अर्थच बदलला.

बाईंचं म्हणणं मला पटलं आणि त्यातूनच एक कसोटी सुचली. बहुतेक खेळांत चित्राचा दर्जा कमीजास्त करण्याची सोय असते. दर्जा सगळ्यात खाली आणावा आणि पाहावं, खेळ तोच राहतो का? 'थीफ'मधली सावली काढली तर खेळ मरतो; तिथं चित्र हा खेळाचा प्राण आहे. दर्जा उतरवूनही तेच डावपेच, तीच धावपळ शिल्लक राहिली, तर वरचं सगळं रंगकाम. ते सुंदर असेल, पण त्याला नवा खेळ म्हणता येत नाही.

मी त्या मुलाला बोलावलं. म्हटलं, "तुझ्या मित्राकडे ते भारी कार्ड आहे ना? त्याच्याकडचा एक खेळ आधी वरच्या दर्जावर खेळ, मग खालच्या. वहीत दोन रकाने कर. एकात 'दिसत नाही' आणि दुसऱ्यात 'करता येत नाही'." तो जरा घुश्शातच गेला. आठवड्यानं वही घेऊन आला. पहिल्या रकान्यात एकोणीस गोष्टी होत्या. पाण्यातलं प्रतिबिंब, गवताची पाती, काचेवरची चमक, धुकं, कपड्यांच्या चुण्या असं बरंच काही. दुसऱ्या रकान्यात दोनच. लांबचा शत्रू उशिरा ओळखू येतो आणि गर्दीच्या प्रसंगी चित्र अडखळतं, त्यामुळं नेम चुकतो.

दुसऱ्या रकान्यातल्या त्या दोन गोष्टी मात्र खऱ्या आहेत. चित्र सेकंदाला साठ वेळा बदललं तर हाताला यंत्राची साथ मिळते, पंचवीस वेळा बदललं तर मिळत नाही. पण ही वेगाची बाब झाली; खेळाच्या कल्पनेत त्यानं भर पडत नाही. मुलानंही हे मान्य केलं, पण वर म्हणाला, "सर, पण मजा येते बघायला." येणारच. मजेबद्दल माझी तक्रार नव्हतीच.

आता पैशाची बाजू. २०२३ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात काही कागदपत्रं उघड झाली. त्यांनुसार 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला सुमारे २२ कोटी डॉलर खर्च आला होता. एवढी रक्कम ज्यानं ओतली तो अनोळखी वाटेनं जायला धजेल का? मागच्या वेळी जे खपलं तेच तो अधिक झळाळी देऊन पुन्हा मांडेल. चित्र महाग झालं की धाडस महाग होतं. म्हणून अनपेक्षित कल्पना पुष्कळदा कमी ताकदीच्या यंत्रावरच जन्मतात. २००६ साली निन्टेन्डोचं 'वी' हे यंत्र चित्राच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्यांच्या मागं होतं. पण हातातला दांडा रॅकेटसारखा फिरवून टेनिस खेळायचं, ही कल्पना त्यानं घरोघर नेली. ते दहा कोटींहून अधिक विकलं गेलं. जाडजूड ठोकळ्यांचं जग असलेल्या 'माइनक्राफ्ट'च्या २०२३पर्यंत तीस कोटींवर प्रती खपल्या. त्यात कुणी काही सांगत नाही. जग मोडायचं आणि हवं तसं बांधायचं.

आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा खेळ २०२० साली आला. पहाडी लघुचित्रांचा बाज, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. डोळ्यांचं पारणं फिटावं असं काम. चित्रांचं सर्वत्र कौतुक झालं. लढाईची रीत मात्र ओळखीची आहे, असं कित्येक परीक्षकांनी लिहिलं. मला दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. आपल्या मातीतलं चित्र जगापुढं गेलं, हे लहान काम नव्हे. आता आपल्या मातीतले नियमही जायला हवेत.

असे नियम आपल्याकडे होते, हे सांगायला सावंतवाडीची गंजिफा पुरेशी आहे. दशावतारी गंजिफेची १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, हातानं रंगवलेली. चित्रं देखणी आहेतच. पण नियम पाहा! काही रंगांत दश्शी मोठी, तर काहींत एक्का मोठा. दिवसा खेळलात तर रामाचा मान पहिला, रात्री कृष्णाचा. आकाशातला सूर्य पाहून डाव बदलणारा खेळ! आज पर्यटक ती पानं हौसेनं विकत घेतात आणि चौकटीत लावतात. खेळता येणारी माणसं मात्र विरळा. साध्या छापील बावन्न पानांनी, चित्राच्या बाबतीत कितीतरी गरीब असूनही, गंजिफेची जागा घेतली. ती स्वस्त होती आणि तिच्यावर असंख्य खेळ रचता येत होते. नुसतं चित्र जपलं तर वस्तुसंग्रहालय होतं. नियम जपला तर खेळ जिवंत राहतो.

मुदत संपली तेव्हा वडिलांना मी सांगितलं, "कार्ड वाईट नाही, पण नवं सुचण्यासाठी त्याची गरज नाही. आहे त्या संगणकाची मेमरी वाढवा, दोन-तीन हजारांत काम होईल. खेळ रचण्यासाठी 'गोडो' नावाचं साधन फुकट मिळतं, साध्या यंत्रावरही चालतं. दहावीनंतर त्याला चित्राच्याच अंगानं जायचं असेल, तेव्हा कार्डाचा विचार करू. तेव्हा ते त्याच्या कामाचं हत्यार असेल." त्यांनी मान डोलावली. मुलगा मात्र आठवडाभर माझ्याकडे न बघता व्हरांड्यातून जात होता.

नवरात्रीच्या सुमारास त्यानं आपला पहिला खेळ दाखवला. उत्तरायणाचा. पतंग म्हणजे एक चौकोन, मांजा म्हणजे एक रेघ. दोनच कळा, एक ढील आणि एक खेंच. वारा मध्येच फिरतो, आणि कधी सोडायचं, कधी ओढायचं, हे ज्याला साधेल त्याचा पतंग टिकतो. खेळात खोट आहे. दोन पतंग एकदम कापले गेले की सगळं गोठतं. तो ती शोधतो आहे. कार्डाची मागणीही त्यानं सोडलेली नाही. भिशीचे पैसे अजून बँकेत आहेत आणि दहावीच्या निकालानंतर त्यावर पुन्हा बोलणं होईल.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरातलं एखादं मूल महागड्या खेळाचा किंवा यंत्राचा हट्ट धरील. लगेच नाही म्हणू नका, हो तर मुळीच म्हणू नका. त्याच्या हाती वही द्या आणि दोन रकाने आखायला सांगा. मग त्याच्याशेजारी बसून दुसरा रकाना वाचा.